स्थानिक नाव असल्यास

देवगडच्या दक्षिणेला, नकाशावर जिथे किनारा
काढणाऱ्याचा हात थरथरल्यासारखा आहे,
तिथे मला पाठवलं होतं
खडक मोजायला.
फॉर्मात चार रकाने:
अक्षांश, रेखांश, सुकतीला उघडी उंची,
आणि कडेला, अरुंद, 'स्थानिक नाव असल्यास'.

जीप सड्यावरच सोडली.
उघडा जांभा, गवताचा काळा जळका कोंडा,
आणि पायवाटेला आडवा कुणीतरी कोरलेला मासा,
खोल बोटभरच,
लांबीला दोन माणसं निजतील एवढा.
कोणी कोरला? जीपवाला म्हणाला, पांडवांनी.
मग बिडी विझवून: नायतर गुराख्यांनी.

खाली वाडी. चुन्याशिवाय रचलेले चिऱ्याचे गडगे,
घर पडलं तरी घराची हद्द राखणारे.
(चार चिरे चांगले घडीव. किल्ल्याचे, असं कुणी कबूल करत नाही.)
निम्म्या दारांना कुलूप, ते शिमग्याला निघतं.
मालक कुठे? गोदीत, कुवेतला, बोटीवर.
'बोटीवर' हा इथे एक देश आहे
आणि त्याची पत्रं येत नाहीत, पैसे येतात.

गुणाबाई कुबल कालवं काढायला निघाली होती,
कमरेला कोयती, डोक्यावर पाटी.
म्हणाली, चल, पण बूट काढ.
मी बूट काढले नाहीत.

"ह्यो म्हातारेचो दात.
सुकतीक दिसता, भरतीक चावता."
लिहिलं.
"ह्यो दोन जावा." पाठीला पाठ लावून दोन कातळ,
मधून होडी जात नाही.
लिहिलं.
तोफखडक: किल्ल्यावरून गोळा नव्हे,
तोफच येऊन पडली म्हणे इथे.
शत्रू कोण होता ते कुणाच्या लक्षात नाही,
आवाज आहे.
आणि लांब, पांढऱ्या फेसात, गोऱ्याची टोपी.
"गोरो बुडलो, टोपी ऱ्हवली."
कधी? तिने खांदे उडवले,
कालव फोडलं, पाटीत टाकलं.

त्याच्याही पलीकडचे?
ती थांबली.
"माका कमरेइतक्या पाण्यातली म्हायत.
फुडली बापयांक."
आणि बापये तर बोटीवर.
मी वहीत रेघ मारली. एका रेघेत
किती खडक बुडाले कुणास ठाऊक.

परतताना एक बसका खडक लागला,
शेवाळाने हिरवा, अगदी पायाखालचा.
ह्याचं नाव?
"नाय."
का नाही?
"कोण आपाटलो नाय हंय अजून."

ते ऐकून मी हसलो, आणि हसतानाच
डावा बूट सरकला.
कालवांच्या कडांनी गुडघा असा उघडला
की आतलं पांढरं क्षणभर मलाही दिसलं.
गुणाबाईने पदर फाडला नाही, सिनेमात फाडतात तसा.
खारं पाणी ओंजळीने ओतलं,
मी ओरडलो, ती म्हणाली,
"गावला नाव."

संध्याकाळी गडग्यावर बसलेल्या पोरांनी
मला बघून एकमेकांना कोपर मारलं.
दुकानदाराने आयोडीन देताना विचारलं, तूच तो?
देवळाच्या पायरीशी एक म्हातारा
कुणाला तरी वाट सांगत होता:
सायबाच्या ढोपराकडसून उजवीक.

आता ऑफिसातल्या पडद्यावर तो एक ठिपका आहे.
एक पूर्णांक दोन मीटर.
चौथा रकाना वरिष्ठांनी रिकामा ठेवला,
कोण साहेब, म्हणाले, कसला गुडघा.
मी वाद घातला नाही.

ती पाटी पुढे कुणाच्या तरी डोक्यावर जाईल.
कुणी वही घेऊन येईल, विचारील,
आणि तिकडची पोर कालव फोडता फोडता सांगेल
की सायब गोरो होतो, गलबतातून इलो होतो,
वादळ होतं, रात्र होती.
कधी? खांदे उडवील.
सायब बुडलो,
ढोपार ऱ्हवला.